देवस्वाची लूट : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकात पॅलेस्टाइनमधल्या हत्तीनच्या लढाईविषयीच्या एका प्रश्नाला उत्तर देताना, ‘येशूचा खरा क्रूस’ म्हणून पूजला जाणारा लाकडाचा तुकडा ११८७ साली इजिप्त-सीरियाचा सुलतान सलाहुद्दीन याच्या हाती लागला आणि पुढे कायमचा नाहीसा झाला, एवढे एकच वाक्य मी लिहिले होते. त्या एका वाक्यावर सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्याच विषयाला द्यावे असे ठरवले. काही पत्रलेखकांनी नाव छापू नये असे कळवले आहे, म्हणून कोणाचेच नाव दिलेले नाही. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

साताऱ्याहून एक निवृत्त शिक्षिका : जुलै २०२४ मध्ये लंडनच्या संग्रहालयातून आलेली वाघनखे पाहायला मी नातवाला घेऊन इथल्या संग्रहालयापुढे रांगेत उभी होते. “आजी, ही आपली असतील तर परत का द्यायची?” असे त्याने विचारले आणि मला नीट उत्तर देता आले नाही. माझे दोन प्रश्न आहेत. एका लाकडाच्या तुकड्यासाठी माणसे का लढली? आणि लुटून नेलेल्या अशा पवित्र वस्तू कधी कोणी परत केल्या का?

ताई, ती वाघनखे उसनवारीवर आलेली आहेत आणि त्यांच्याविषयी जो वाद चालू आहे त्यात मी इथे शिरत नाही. आपले दोन्ही प्रश्न मात्र मुळाला हात घालणारे आहेत.

सज्जनगडावर शेजघरात समर्थांच्या वापरातल्या वस्तू आपण पाहिल्याच असतील. तिथे आपले हात आपोआप जोडले जातात, आणि त्या वस्तू उद्या दुसरीकडे हलवल्या तर गडाचे काहीतरी गेले असे आपल्याला वाटेल. मध्ययुगातल्या ख्रिस्ती माणसाची भावना याच्या बरीच पुढची होती. संताची अस्थी जिथे आहे तिथे संत स्वतः हजर आहे, तो गावाचे रक्षण करतो, रोग बरे करतो आणि खोटी शपथ घेणाऱ्याला शासन करतो, असे तो मानत असे. ७८७ साली निकिया येथे भरलेल्या धर्मपरिषदेने तर अवशेषांवाचून चर्चची प्रतिष्ठापना करू नये असाच नियम केला. चर्चे वाढत गेली, संतांच्या अस्थी मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या, आणि त्यामुळे अवशेषांची मागणी, विक्री, बनावट आणि चोरी या चारही गोष्टी एकदमच सुरू झाल्या.

चोरी केल्याचे कोणी लपवीतही नसे. संताची इच्छा नसती तर त्याने आपल्याला उचलू दिले असते का, हे चोरणाऱ्यांचे उत्तर ठरलेले होते. ८२८ साली व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी मुसलमानी अमलाखालच्या अलेक्झांड्रियातून संत मार्क यांचा देह पळवला. पेटाऱ्यात वर डुकराचे मांस ठेवले, म्हणजे जकातीवरचे मुसलमान अधिकारी हात लावणार नाहीत, अशी त्याची कथा आहे. व्हेनिसच्या संत मार्क चर्चमध्ये हा प्रसंग रंगीत काचतुकड्यांच्या चित्रात मोठ्या अभिमानाने मांडला आहे, आणि त्यात तोंड फिरवणाऱ्या अधिकाऱ्यांच्या तोंडी डुकरासाठीचा अरबी शब्दसुद्धा लिहिलेला आहे. एका शहराने आपल्या चोरीचे चित्र आपल्याच देवळात लावावे, यावरून त्या काळाचे मन समजते.

क्रूसाच्या तुकड्याची हकिकत अशी. ६१४ साली इराणच्या दुसऱ्या खुस्रोच्या सैन्याने जेरुसलेम घेतले आणि क्रूस राजधानीला नेला. कॉन्स्टँटिनोपलचा (आजचे इस्तंबूल) ख्रिस्ती सम्राट हेराक्लियस याने इराणला हरवून तो ६३० साली पुन्हा जेरुसलेमला आणला. पुढे जेरुसलेम जिंकायला युरोपातून आलेल्या ख्रिस्ती सैनिकांच्या, म्हणजे क्रूसयोद्ध्यांच्या, राज्यात तो लढाईत सैन्यापुढे नेला जाऊ लागला. ४ जुलै ११८७ रोजी हत्तीनला तो नेणारा अक्का बंदराचा बिशप मारला गेला आणि क्रूस सलाहुद्दीनकडे गेला. त्यानंतरच्या वाटाघाटींत क्रूस परत मिळावा ही मागणी पुन्हा पुन्हा येते. १२२१ साली इजिप्तच्या स्वारीत अडकलेल्या क्रूससैन्याने सुलतान अल-कामिलशी तह केला, त्यात क्रूस परत देण्याचे कलम होते. प्रत्यक्ष देण्याची वेळ आली तेव्हा तो कुठेही सापडला नाही.

परत केल्याची उदाहरणे थोडी आहेत, पण आहेत. ९९७ साली कोर्डोव्याचा सेनापती अल-मन्सूर याने स्पेनच्या वायव्येला असलेले सांतियागो हे तीर्थक्षेत्र उद्ध्वस्त केले. संताच्या थडग्याला त्याने हात लावला नाही, पण चर्चच्या घंटा ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यावरून कोर्डोव्याला नेल्या आणि त्या तिथल्या मशिदीत दिव्यांसाठी वापरल्या. १२३६ साली राजा तिसरा फर्डिनांड याने कोर्डोवा जिंकले, तेव्हा त्याच घंटा मुसलमान कैद्यांच्या खांद्यावर देऊन सांतियागोला परत पाठवल्या. याला परतफेड म्हणावे की नाही हे नातवाला ठरवू द्या. विसाव्या शतकात मात्र खऱ्या अर्थाने काही परत गेले. संत मार्क यांच्या अवशेषांचा एक भाग पोप सहावे पॉल यांनी १९६८ साली कैरोच्या कॉप्टिक (इजिप्ती ख्रिस्ती) चर्चला दिला, आणि संत जॉन क्रिसोस्टोम व नाझियान्झसचे संत ग्रेगरी यांच्या अस्थी पोप दुसरे जॉन पॉल यांनी नोव्हेंबर २००४ मध्ये इस्तंबूलच्या ऑर्थोडॉक्स धर्मगुरूंच्या स्वाधीन केल्या.

विट्याहून एक वाचक : आमचा पिढीजात गलाईचा धंदा. मी स्वतः तीस वर्षे दक्षिणेत भट्टी चालवली. एकदा मुशीत गेल्यावर दागिना कोणाचा होता हे सांगता येत नाही, हे मी रोज पाहिले आहे. १२०४ साली ख्रिस्ती सैन्याने कॉन्स्टँटिनोपल हे ख्रिस्ती शहरच लुटले असे वाचले. ते असे का झाले, आणि त्या सोन्याचे पुढे काय झाले?

विट्याच्या माणसाने हा प्रश्न विचारावा याचा मला मनापासून आनंद झाला, कारण या प्रकरणाचे मर्म भट्टीपुढे बसलेल्या माणसाला जितके कळेल तितके ग्रंथ चाळणाऱ्याला कळणार नाही.

मुळाशी एक न फिटलेले देणे होते. इजिप्तवर जाण्यासाठी क्रूससैन्याने १२०१ साली व्हेनिसशी जहाजांचा करार केला. ३३,५०० माणसे आणि ४,५०० घोडे न्यायचे, त्याबद्दल ८५,००० मार्क चांदी द्यायची. प्रत्यक्षात त्याच्या जवळपास एक तृतीयांशच माणसे जमली आणि सुमारे ३४,००० मार्कांची तूट आली. ती भरून काढण्यासाठी व्हेनिसचा वृद्ध, आंधळा राज्यप्रमुख एनरिको दांदोलो याने सैन्याला आधी एड्रियाटिक किनाऱ्यावरचे झारा हे ख्रिस्ती गाव घ्यायला लावले. पोप तिसरे इनोसंट यांनी त्याबद्दल सैन्याला बहिष्कृत केले. मग कॉन्स्टँटिनोपलच्या गादीवर हक्क सांगणारा तरुण राजपुत्र अलेक्सियस आला आणि मला गादीवर बसवा, मी २,००,००० मार्क देतो, असे बोलून बसला.

१२०३ साली तो गादीवर बसला आणि खजिना रिकामा निघाला. तेव्हा क्रूसयोद्ध्यांची भर करण्यासाठी चर्चमधल्या मूर्तिचित्रांवरची सोन्याचांदीची मढणी आणि पूजेची भांडी उतरवून वितळवण्याचा हुकूम त्याने स्वतः काढला. आपल्याच देवस्वाला हात घालण्याची सुरुवात अशी शहराच्या सम्राटाकडून झाली, हे नेहमी सांगितले जात नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. दोन्ही बाजूंच्या मनात जुने वैरही होते. ११८२ साली याच शहरातल्या जमावाने तिथे राहणाऱ्या इटालियन लोकांची कत्तल केली होती. १२०४ च्या प्रारंभी अलेक्सियसचा खून झाला, येणे बुडाले आणि एप्रिलच्या १२-१३ तारखांना तटबंदी फुटली.

पुढचे तीन दिवस जे झाले ते तिथे राहणारा अधिकारी आणि इतिहासकार निकेतास कोनियातेस याने लिहून ठेवले आहे. हागिया सोफिया या मुख्य चर्चमधली मौल्यवान वेदी फोडून तुकडे वाटून घेतले, माल वाहायला खेचरे थेट गाभाऱ्यापर्यंत आणली आणि गुळगुळीत फरशीवर घसरून पडलेल्या जनावरांना तिथेच भोसकले. ब्राँझच्या पुतळ्यांचेही तेच झाले. हेरा देवीचा एक प्रचंड पुतळा होता, त्याचे नुसते डोके ओढून न्यायला बैलांच्या चार जोड्या लागल्या, आणि तो वितळवून त्याची किरकोळ नाणी पाडली. आपल्या प्रश्नाचे सरळ उत्तर हेच की बहुतेक धातू मुशीतच गेला. जे वाचले त्यात चार सोनेरी घोडे आहेत. ते व्हेनिसने संत मार्क चर्चच्या दर्शनी भागावर बसवले. १७९७ साली नेपोलियनने ते पॅरिसला नेले आणि १८१५ साली ते व्हेनिसला परत गेले. ज्या शहराचे ते होते तिथे मात्र ते गेले नाहीत.

आता अस्थींकडे वळतो, कारण त्यांना कस नसतो, वजनाचा भाव नसतो आणि वितळवताही येत नाही. त्यांची लूट वेगळ्या माणसांनी केली. आल्सासमधल्या पॅरिस नावाच्या मठाचा (हे फ्रान्सच्या राजधानीचे पॅरिस नव्हे) अधिपती मार्टिन सैन्याबरोबर होता. त्याची हकिकत त्याच्याच मठातल्या गुंथर नावाच्या साधूने लिहिली आहे. लोक सोने शोधत असताना मार्टिन एका मठाच्या चर्चमध्ये शिरला. तिथे एक पांढऱ्या दाढीचा वृद्ध ग्रीक धर्मगुरू त्याला दिसला. सगळ्यांत प्रभावी अवशेष दाखव, नाहीतर मेलास म्हणून समज, असे मार्टिन त्याच्यावर ओरडला. सैनिकांच्या रक्ताळलेल्या हातांपेक्षा निदान या धर्मातल्या माणसाच्या हाती ते पडलेले बरे, असा विचार करून म्हाताऱ्याने लोखंडी पेटी उघडून दिली. मार्टिनने दोन्ही हात आत घातले आणि अंगावरच्या झग्याच्या घोळात मावतील तेवढे अवशेष भरून तो लगबगीने जहाजावर परतला. गुंथर त्याला ‘पवित्र लुटारू’ म्हणतो, आणि तो ते गौरवाने म्हणतो. हा प्रसंग मी वर्गात अनेकदा सांगितला आहे आणि दर वेळी त्या म्हाताऱ्यापाशी माझा आवाज अडखळला आहे.

पोप इनोसंट यांनी या लुटीचा तीव्र शब्दांत निषेध केला, ग्रीक लोक आता लॅटिन लोकांना (म्हणजे पश्चिमेकडच्या ख्रिस्त्यांना) कुत्र्याहून नीच मानतील आणि ते योग्यच ठरेल, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले. तरी शहर परत दिले गेले नाही. १२१५ च्या रोममधल्या लॅटरन धर्मपरिषदेने अवशेष विकायला काढू नयेत असा नियम केला. त्यानंतर पंचवीस वर्षांच्या आत त्या काळातला सर्वांत मोठा व्यवहार झाला. १२०४ नंतर कॉन्स्टँटिनोपलवर लॅटिन सम्राट राज्य करीत होते, त्यांतल्या दुसऱ्या बाल्डविनच्या सरदारांनी येशूच्या काटेरी मुकुटावर व्हेनिसच्या सावकाराकडून १३,१३४ सुवर्णनाण्यांचे कर्ज काढले होते. फ्रान्सचा राजा नववा लुई याने ते गहाण सोडवून १२३९ साली मुकुट पॅरिसला आणला. त्याची किंमत १,३५,००० लिव्र सांगितली जाते, आणि त्याच्यासाठी बांधलेल्या सेंत-शापेल या देखण्या चर्चला ४०,००० लिव्र लागले. राजा स्वतः अनवाणी, साध्या सदऱ्यात, तो वाहून नेणाऱ्यांत होता. याच राजाच्या काळात १२४२ च्या सुमारास पॅरिसमध्ये ज्यूंचे ताल्मुद ग्रंथ गाड्या भरभरून आणून जाळण्यात आले. एका धर्माच्या पवित्र वस्तूसाठी अनवाणी चालणारा माणूस दुसऱ्या धर्माची पवित्र वस्तू डोळ्यांदेखत जाळू देतो, हे मला आजही पूर्णपणे समजलेले नाही.

आपल्या धंद्याशी संबंधित शेवटची गोष्ट सांगतो. फ्रेंच राज्यक्रांतीत सेंत-शापेलमधली अवशेषांची मोठी सोनेरी पेटी वितळवली गेली. आतला वाळलेल्या बोरूंचा मुकुट राहिला, आणि १५ एप्रिल २०१९ च्या नोत्र-दाम चर्चच्या आगीतूनही तो सुखरूप बाहेर काढला गेला.

मिरजेहून एक वाचक भगिनी : माझे वडील हज करून आले तेव्हा हजर-ए-अस्वदचे चुंबन घेता आले नाही, गर्दीमुळे लांबूनच इशारा करावा लागला, याची त्यांना शेवटपर्यंत खंत होती. हा दगड एकदा लुटून नेला होता आणि बावीस वर्षे काबा त्याच्याविना होता असे माझ्या मुलाने कुठेतरी वाचले. हे खरे आहे का? असेल तर मुसलमान असे कसे करतील?

हे खरे आहे. आपला दुसरा प्रश्न त्या काळातल्या मुसलमानांनीही तितक्याच व्यथेने विचारला होता.

दहाव्या शतकात अरबस्तानाच्या पूर्व किनाऱ्यावर, अल-अहसा भागात, करामिता नावाच्या इस्माइली पंथाचे राज्य होते. जुना शरियत आता संपला, महदी (शेवटच्या काळातला तारणहार) येण्याची वेळ झाली आहे, अशी त्यांची धारणा होती, आणि हज व काब्याभोवतीचे विधी त्यांच्या लेखी मूर्तिपूजेसारखेच होते. त्यांचा तरुण प्रमुख अबू ताहिर याने आधी बसरा लुटले, हजच्या काफिल्यांवर हल्ले केले आणि जानेवारी ९३० मध्ये, ऐन हजच्या दिवसांत, मक्केवर चाल केली. यात्रेकरू प्रदक्षिणा घालत असतानाच कापले गेले. मृतांची संख्या हजारांत होती, आणि प्रेते झमझमच्या विहिरीत टाकली गेली. काब्याचे वस्त्र उतरवले, दरवाजा काढला आणि भिंतीतला दगड उपटून अल-अहसाला नेला.

यात हिंसेचे एक वेगळे रूप दिसते. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी देह पळवला तो त्याच्यात सामर्थ्य आहे असे मानून, आणि अबू ताहिरने दगड नेला तो त्यात काहीच सामर्थ्य नाही हे सिद्ध करायला. त्याच्या मनासारखे झाले नाही. दगड नव्हता त्या वर्षांत यात्रेकरू येत राहिले आणि त्या रिकाम्या खोबणीला हात लावून जात राहिले. मक्केवरच्या स्वारीनंतर लवकरच अबू ताहिरने एका तरुण इराणी कैद्याला महदी म्हणून जाहीर केले. त्या तरुणाने पैगंबरांनाच शिव्याशाप द्यायला लावले आणि आपल्याच सरदारांना मारायला सुरुवात केली, तेव्हा थोड्याच महिन्यांत त्याला ठार करण्याची पाळी करामितांवर आली. पंथाची जरब त्यानंतर ओसरली. अबू ताहिर ९४४ साली वारला आणि ९५१ साली दगड मक्केला परत आला. हुकमाने नेला होता, हुकमानेच परत करतो, अशा अर्थाची चिठ्ठी त्याच्यासोबत होती असे सांगतात.

त्या दगडाने याआधीही आघात सोसले होते. ६८३ साली उमय्या खलिफाच्या सैन्याने मक्केला वेढा दिला तेव्हा काबा पेटला, दगड तडकला, आणि अब्दुल्ला इब्न झुबैर यांनी तो चांदीने बांधून घेतला. आज चांदीच्या चौकटीत दिसतात ते एका दगडाचे तुकडे आहेत. आपल्या वडिलांच्या खंतीविषयी एवढेच सांगावेसे वाटते की, तू एक दगड आहेस, तुझ्याने ना नुकसान होते ना लाभ, पैगंबरांना तुझे चुंबन घेताना पाहिले म्हणून मी घेतो, असे खलिफा उमर त्या दगडाला म्हणाले होते, आणि हदीसमध्ये ते नोंदलेले आहे. लांबून केलेला इशाराही परंपरेने मान्य केलेलाच आहे.

कडेगावहून एक तरुण वाचक : मोहरमला आमच्या गावी उंच ताबुतांच्या भेटी होतात, त्यात हिंदू-मुसलमान दोघेही असतात. इमाम हुसेन यांचे शिर नेमके कुठे दफन आहे? दमास्कस, कैरो, करबला अशी वेगवेगळी नावे ऐकतो.

कडेगावच्या भेटी मी लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिल्या आहेत, त्यामुळे प्रश्न जवळचा वाटला. १० ऑक्टोबर ६८० रोजी इराकमधल्या करबला येथे पैगंबरांचे नातू हुसेन मारले गेले. त्यांचे शिर आधी कुफ्याला सुभेदाराकडे आणि मग दमास्कसला खलिफा यझीदकडे नेले गेले. इथपर्यंत मतभेद फारसे नाहीत. पुढे ते करबलाला परत नेऊन देहाशी पुरले असे अनेक शिया मानतात, तर दमास्कसच्या उमय्या मशिदीतही त्याचे स्थान दाखवले जाते. तिसरी परंपरा पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरच्या अस्कलान गावाची आहे. इजिप्तच्या फातिमी घराण्याचा वजीर बद्र अल-जमाली याने १०९१ च्या सुमारास तिथे दर्गा बांधला आणि त्यासाठी लाकडी मिंबर (प्रवचनाचे व्यासपीठ) करवून घेतला. ११५३ साली अस्कलान क्रूसयोद्ध्यांच्या हाती जाण्याची वेळ आली, तेव्हा फातिमींनी ते शिर कैरोला हलवले, आणि कैरोची हुसेन मशीद त्या जागी उभी आहे. अस्कलानचा तो मिंबर आज हेब्रॉनच्या इब्राहिमी मशिदीत आहे. करबलातली मूळ कबरसुद्धा सुरक्षित राहिली नव्हती. अब्बासी खलिफा मुतवक्किल याने नवव्या शतकाच्या मध्यास ती पाडून जमीन नांगरायला लावली होती.

कराडहून एक वाचक : आपण दर वेळी दोन्ही बाजूंना सारखाच दोष देऊन मोकळे होता. मध्ययुगात जास्त माणसे कोणी मारली, ख्रिस्त्यांनी की मुसलमानांनी, हे आकड्यांनिशी सांगा.

आपला राग मी समजू शकतो, पण आकडे द्यायचे तर आधी ते कसे तयार झाले हे सांगणे माझे काम आहे. १५ जुलै १०९९ रोजी क्रूसयोद्ध्यांनी जेरुसलेम घेतले आणि मुसलमान व ज्यू रहिवाशांची कत्तल केली, याबद्दल शंका नाही. इब्न अल-असीर हा इतिहासकार शंभर वर्षांनंतर अल-अक्सा मशिदीत सत्तर हजारांहून अधिक लोक मारले गेले असे लिहितो. त्याच्या कितीतरी आधी लिहिणारा, काही वर्षांपूर्वीच जेरुसलेममध्ये राहून गेलेला सेव्हिलचा विद्वान इब्न अल-अरबी तीन हजारांचा आकडा देतो. क्रूससैन्यातलाच एक धर्मगुरू घोड्यांच्या लगामापर्यंत रक्त आल्याचे सांगतो, पण ते शब्द बायबलच्या शेवटच्या पुस्तकातून उचललेले आहेत. म्हणजे एकाला आपल्या लोकांचे हौतात्म्य मोठे करायचे होते आणि दुसऱ्याला आपल्या विजयात भविष्यवाणी खरी ठरलेली दाखवायची होती. अशा आकड्यांची बेरीज करून दोन धर्मांचा ताळेबंद मी मांडणार नाही.

दोष सारखा वाटण्याचा माझा हेतूही नाही. प्रत्येक प्रसंग त्याच्या वजनाने पाहावा लागतो. १०९६ साली ऱ्हाइन नदीकाठी वर्म्स आणि माइन्झच्या ज्यू वस्त्या क्रूसयात्रेला निघालेल्या टोळ्यांनी संपवल्या, पण स्पायरच्या बिशपने आपल्या गावातल्या बहुतेक ज्यूंना वाचवले. १००९ साली फातिमी खलिफा अल-हाकिमने येशूच्या थडग्यावरचे चर्च पाडायला लावले, आणि पुढे त्याच घराण्याच्या राज्यात ते बायझंटाइन सम्राटाच्या पैशाने पुन्हा उभे राहिले. २ ऑक्टोबर ११८७ रोजी सलाहुद्दीनने जेरुसलेम घेतले तेव्हा कत्तल झाली नाही. पुरुषामागे दहा आणि स्त्रीमागे पाच दिनार असा दंड भरून लोक बाहेर पडले. ज्यांच्याकडे पैसे नव्हते असे हजारो मात्र गुलाम झाले. ऑगस्ट ११९१ मध्ये अक्का येथे इंग्लंडचा राजा रिचर्ड याने सुमारे २,७०० कैदी उघड्या मैदानात मारले, आणि ज्या तहाची पूर्तता अडली होती त्यात क्रूस परत देण्याचेही कलम होते. १२६८ साली सुलतान बैबर्सने अँटिओक घेतले, हजारो माणसे मारली वा गुलाम केली आणि तिथल्या गैरहजर राजाला आपण काय काय केले हे कळवणारे पत्र पाठवले. मोडलेले क्रूस आणि विखुरलेली धर्मपुस्तकाची पाने त्या पत्रात मुद्दाम वर्णिली आहेत.

यातल्या एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधतो, कारण ती आकड्यांच्या चर्चेत हरवते. कैरोच्या जुन्या सिनॅगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) जपून राहिलेल्या कागदांत अस्कलानच्या ज्यू वडीलधाऱ्यांचे १०९९ नंतरच्या वर्षातले पत्र आहे. जेरुसलेमच्या लुटीतून त्यांनी माणसे सोडवली, आणि त्यांच्याबरोबर ग्रंथही पैसे देऊन सोडवले. बायबलच्या २३० प्रती, इतर १०० ग्रंथ आणि तोराच्या ८ गुंडाळ्या. सोडवलेल्या माणसांना अंगावर घालायला कपडे नाहीत, रोगराई आहे, कर्ज झाले आहे, म्हणून पैसे पाठवा, अशी त्यात इजिप्तच्या बांधवांना विनवणी आहे. आपण कत्तलीचा आकडा विचारलात. माझ्या मते त्या दिवसांविषयी या पत्रातला हिशेब अधिक विश्वासाचा आहे, कारण तो ज्यांनी पैसे मोजले त्यांनी लिहिला आहे.

आणि तह झालेच नाहीत असेही नाही. १२२९ साली सम्राट दुसरा फ्रेडरिक आणि सुलतान अल-कामिल यांनी लढाई न करता करार केला. जेरुसलेम दहा वर्षांसाठी ख्रिस्त्यांकडे गेले, आणि खडकावरचा घुमट (डोम ऑफ द रॉक) व अल-अक्सा मशीद असलेले आवार मुसलमानांकडे राहिले. दोघांनाही आपापल्या लोकांकडून शिव्या खाव्या लागल्या.

तासगावहून एक वाचक : लुटीत आलेल्या परधर्मीय वस्तूचीच पुढे पूजा सुरू झाली, असे कुठे घडले आहे का?

घडले आहे. दक्षिण फ्रान्समधल्या आप्त गावच्या चर्चमध्ये येशूची आजी संत ॲन हिचा शेला म्हणून एक तलम तागाचे कापड शतकानुशतके पूजले गेले. ते तीन मीटरांहून थोडे लांब आहे आणि त्यावर रेशमाचे व सोनेरी जरीचे पट्टे विणलेले आहेत. प्रत्यक्षात ते इजिप्तमधल्या दमिएत्ता येथील शाही विणकामशाळेत १०९६-९७ साली विणलेले आहे. पहिल्या क्रूसयुद्धातून परतणाऱ्या कोणीतरी ते आणले असावे. मूल व्हावे म्हणून बायका त्याला नवस बोलत. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याची आई, राणी ॲन, लग्नानंतर बावीस-तेवीस वर्षांनी झालेल्या या मुलाच्या जन्माचा नवस फेडायला १६६० साली स्वतः आप्तला आली होती. त्या कापडाच्या पट्ट्यांत कुफी या अरबी लिपीत फातिमी खलिफा अल-मुस्तअली आणि त्याचा वजीर अल-अफदल यांची नावे विणलेली आहेत. हा अल-अफदल म्हणजे १०९९ साली ज्याच्या हातून जेरुसलेम गेले तोच वजीर.